जर्सीचा रकाना

होळी होऊन आठवडा झाला होता. दुपारी टेम्पोचं स्टिअरिंग हाताला चटके देत होतं. अशा दिवसांत मी आणि माझी थोरली बहीण, आक्का, चिकोडी, कोगनोळी, येळ्ळूर, लोंढा असं फिरून आलो. देवदर्शनाला नव्हे, खोंडांच्या छातीचा घेर मोजायला. परतल्यापासून जो तो विचारतो की पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायकांना हा उद्योग कुणी सांगितला होता. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

बेळगावात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड, गोळी पेंड, भुसा, मीठ-खनिजांच्या चाटण विटा. दुकान मी चालवते याला लोक आता सरावले आहेत. टेम्पोही मीच चालवते, याला अजून नाहीत. सिग्नलला शेजारचा मोटरसायकलवाला वाकून बघतो, जणू आत ड्रायव्हर कुठे लपवून ठेवलाय.

दूधगंगेकाठी

आक्काचं घर निपाणीच्या पुढे, दूधगंगेच्या काठावर. जैन शेतकऱ्याचं जसं असतं तसं: तंबाखू गेली, ऊस आला, पण दिवस मावळायच्या आत जेवण हे काही हललं नाही. आक्का कांदा-लसूण खात नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाही आणि मुंगीला वाट देऊन चालते. मी तिच्याच आईची मुलगी, पण वीस वर्षं पेंडीची पोती मोजून माझं यातलं बरंच गळून पडलंय.

तिचा मुलगा भरतेश याने गोठा मोठा केला. जर्सीच्या संकरित गायी, वर पंखे, पाण्याचे फवारे. आणि या सगळ्यांच्या टोकाला, पंखा न पोचणाऱ्या कोपऱ्यात, गज्या. गज्या हा कृष्णाकाठच्या जातीचा दोन वर्षांचा खोंड. पांढुरका, अंगाने आडवा, आखूड शिंगांचा. काळ्या चिकट रानात नांगर ओढायला ही जात आमच्या आजोबांच्या काळी घरोघरी असायची. आता अख्ख्या पंचक्रोशीत शोधून सापडत नाही. आक्काच्या सासऱ्यांनी राखलेल्या गायीचा हा शेवटचा वंश.

भरतेशला तो नको होता. मी पेंड उतरवायला गेले होते, तेव्हाच विषय निघाला.

"मावशी, तूच सांग. दिवसभर खातोय आणि वाढतोय किती? जर्सीच्या निम्मं बी न्हाय."

"मोजलास?"

"मोजायचं काय त्यात. डोळ्याला दिसतंय की."

"डोळ्याने मोजून पेंड विकली असती तर माझं दुकान कधीच बुडालं असतं."

तो हसला, पण मागे हटला नाही. म्हणाला, "बरं, मोज. एकाच वयाचे खोंड घे. हा, खिलार आणि जर्सी. गज्या उणा न्हाय निघाला तर ऱ्हाऊ दे गोठ्यात. उणा निघाला तर देऊन टाकणार. मग आईनं रडायचं न्हाय."

"कुणाला देणार?"

"घेणारे असत्यात की."

मी ते तेव्हा सोडून दिलं. आक्का मात्र आतून डबा बांधूनच बाहेर आली. "मी बी येणार," म्हणाली. "खोंड माझा हाय."

मोजायची फीत माझ्याकडे होती. मागे एका खाद्य कंपनीने आम्हा दुकानदारांना प्रशिक्षण दिलं, तेव्हा मिळालेली. पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती गुंडाळली की घेरावरून वजनाचा अंदाज निघतो. सोबत एक तक्ता होता, उष्ण देशांतल्या कुठल्या जाती उन्हात, गोचिडांत, सुक्या चाऱ्यावर कशा वाढतात याचा. गज्याला मोजताना मी आक्काला हे सांगितलं.

"तिकडं कशापायी वाढवत्यात?" तिने विचारलं.

"खायला."

आक्काने गज्याच्या मानेवरचा हात काढला नाही, पण चेहरा दुसरीकडे वळवला. "मग त्यांच्या मापानं माझ्या खोंडाला कशाला मोजतीस?"

"वजन हे वजन असतं, आक्का. खाणाऱ्याचं निराळं आणि पुजणाऱ्याचं निराळं असं नसतं."

वही घेतली नव्हती. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर आतल्या बाजूने खडूने तीन रकाने आखले: कृष्णाकाठी, खिलार, जर्सी. पहिल्या रकान्यात गज्याचा घेर लिहिला आणि निघालो.

चिकोडी

निपाणी मागे टाकून चिकोडीच्या बाजूला वळलं की रान मोकळं होतं. नदीचा हिरवेपणा संपतो, माळ लागतो, वाऱ्याला धुळीचा वास येतो. एका वस्तीवर चिंचेखाली खिलार खोंड बांधलेला दिसला. आदत, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेला. म्हणजे गज्याच्याच वयाचा, आमच्या कामाचा. धनुष्यासारखी शिंगं, त्यांना तेल, कपाळाला गोंडा. मालक अण्णा शेजारी खाट टाकून असे बसले होते, जणू खोंडाने त्यांना पाळलंय.

मोजायचं म्हटल्यावर उठून उभेच राहिले. "न्हाय बाई. शर्यतीचा हाय त्यो. आणि जित्या जनावराला माप लावत न्हाईत. माप लावलं की खाटकाच्या हिशेबात गेलं म्हणायचं."

हे मला नवं नव्हतं. दुकानात वासराचं वजन विचारलं तरी काहींचा चेहरा पडतो. बेळगावात आम्ही मुलांची वजनं दर महिन्याला डॉक्टरकडे करतो आणि भिंतीला पेन्सिलीने उंची मांडतो. इथे जनावराचा घेर म्हणजे अपशकुन. मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात आक्का टेम्पोतून उतरली. तिने फीत माझ्या हातातून घेतली, अण्णांच्या सुनेकडून हळदीकुंकू मागून घेतलं आणि फितीलाच लावलं.

"आता हे माप न्हाय. हार हाय," ती म्हणाली. "घाला गळ्यात."

अण्णांनी खोंडाचं दावं धरलं. फीत घातली, घेर वाचला. मी फाळक्यावर लिहायला वळले आणि खोंडाने फितीचं शून्याकडचं मोकळं टोक चघळून तोडलं. वीतभर हार पोटात. तेव्हापासून प्रत्येक मापातून ती वीत वजा करावी लागत होती. अण्णा मात्र खुशीत. "बघितलासा? माप खाल्लं त्यानं. आता त्याला कोण मोजतंय."

खिलाराचा घेर गज्याहून कमी भरला. चपळ जनावर, लांब आणि सडपातळ. आक्काच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. उरली जर्सी.

जर्सीचा खोंड काय, कुठेही मिळेल असं मला वाटत होतं. या भागात दोन घरांआड जर्सी आहे. माझी निम्मी पेंड त्यांच्याच पोटात जाते. पण पहिल्या गोठ्यात सगळ्या गायी. दुसऱ्यात गायी आणि कालवडी. तिसऱ्या गोठ्यात खाली रबराच्या चटया, वर पंखे, आणि आवाज म्हणून फक्त धारेच्या मशीनचा. मालकीणबाईंनी गूळ-शेंगा पुढे केल्या. मी पाड्याचं, म्हणजे नर वासराचं विचारलं, "दोन वर्षांचा एखादा पाडा?"

"पाडा कशाला ठेवू आम्ही?"

"झाला असेल ना कधी?"

"हुतोय की. पाडा झाला की घरात सुतक पडल्यागत हुतंय बघा."

आम्ही तिघी बहिणी. मी तिसरी झाले त्या दिवशी आजोबा जेवले नव्हते असं आई सांगायची. इथे सगळं उलटं होतं आणि तरी तेच होतं. मी विचारलं, "मग त्यांचं काय करता?"

"देतो," बाई म्हणाल्या आणि शेंगांचं ताट माझ्याकडे आणखी सरकवलं.

त्या दिवशी हे उत्तर मला सगळीकडे मिळालं. दिला. पाव्हण्यास्नी दिला. अशक्त निघाला. सोडला. कुणी विकला म्हणालं नाही. मेला असंही फार थोडे म्हणाले. पाचव्या की सहाव्या गोठ्यात मी "कुणाला दिला?" असं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा घरधन्याने उन्हाचं कारण सांगून दार लोटून घेतलं. टेम्पोत बसल्यावर आक्का म्हणाली, "सुलू, लई खोदून इचारतीस तू."

"मी भाव नाही विचारत. पत्ता विचारते."

सूर्य कलल्यावर एका विहिरीच्या कठड्यावर बसून तिने डबा उघडला. ज्वारीची भाकरी, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, दही. बाहेरच्या जेवणाला ती हात लावत नाही. मला मात्र समोरच्या गाड्यावरची कांदाभजी खुणावत होती. मी ती खाल्ली. तिने एकदा बघितलं आणि पुढची भाकरी मोडली. आमचं असंच निभतं.

कोगनोळी

दुसऱ्या दिवशी कुणीतरी कागलच्या बाजूच्या एका गोठ्याचं नाव सांगितलं. पलीकडे महाराष्ट्र. तिथे तरी पाडे ठेवत असतील, या आशेने गेलो. तिथेही नव्हते. राज्य बदललं, पाटी बदलली, उत्तर तेच: दिला.

परतताना कोगनोळीच्या नाक्यावर आम्हाला थांबवलं. टेम्पो, आत कडब्याची पेंडी, दावं, पुढे दोन बायका. हवालदाराला संशय यायला एवढं पुरेसं होतं. त्याने मागे जाऊन फाळका पाडला. आत जनावर नाही हे बघितलं, खडूचे रकाने बघितले, मग माझ्याकडे वळून कानडीत विचारलं, "दन एल्ली?" म्हणजे जनावर कुठे आहे.

"तेच विचारत फिरतेय कालपासून," मी त्याला कानडीत सांगितलं.

त्याला ते उर्मट वाटलं असणार. आक्काने मध्ये पडून सगळी कथा सांगितली, गज्यापासून फीत खाणाऱ्या खिलारापर्यंत. तो मुळात शेतकऱ्याच्या घरचा निघाला. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "अक्का, हा भरणार नाही तुमचा." आणि फाळका स्वतःच लावून दिला.

मला राग आला. त्याचा नाही. जनावर भरून नेणाऱ्याला थांबवायला नाका आहे, माणसं आहेत, कायदा आहे. आणि प्रत्येक गोठ्यातून निम्मी वासरं नाहीशी होतात, त्याची दाद ना फिर्याद. गोठ्यात रिकामा खुंटा आणि तोंडात "दिला".

येळ्ळूर

रात्र बेळगावात माझ्या घरी काढून सकाळी येळ्ळूर. भाताची खाचरं वाळून फुटलेली, राजहंसगडाचा डोंगर उन्हात पांढरा पडलेला. तिथले तात्या माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या घरी येळ्ळूरचा बासमती शिजत होता, त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत.

तात्यांनी आधी फाळका वाचला. "मराठीत लिवलासा. बरं केलासा." मग नेहमीप्रमाणे सीमाप्रश्न निघाला. कुणी काय आश्वासन दिलं, कुठली पाटी कधी उतरवली, सगळं तोंडपाठ. मी भात खाऊन होईपर्यंत ऐकलं. खाताना वाद घालत नाही. हात धुतल्यावर विचारलं, "तात्या, तुमच्या जर्सीला गेल्या सालच्या आदल्या साली पाडा झाला होता. मीच वासराचं खाद्य दिलं होतं. कुठाय?"

तात्या दाराबाहेर बघायला लागले.

"त्यो... दिला की."

"कुणाला?"

"लोंढ्याकडं दिला. रानात चारा भरपूर हाय तिकडं. बरा ऱ्हातोय म्हणं."

"म्हणं म्हणजे? कोण म्हणतं?"

"तू बाई वकील व्हायाची, पेंड कशाला इकतीस?" तात्या म्हणाले. हसणार होते, पण आक्काकडे बघून हसले नाहीत.

सीमेवर अख्खी सकाळ बोलणारा माणूस वासरावर दोन वाक्यं बोलेना. मी टेम्पो सुरू केला. आक्का म्हणाली, "कुठं?"

"लोंढ्याला. चारा बघायला."

लोंढा

खानापूर सोडलं की माती लाल होते आणि झाडी रस्त्यावर येते. ऊन कमी लागतं, पण घाम वाळत नाही. लोंढ्याच्या अलीकडे रानाच्या कडेला गवळी धनगरांची वस्ती आहे. तिथले आप्पा ताक घेऊन बाहेर आले. म्हशी आणि बुटक्या काळ्या डोंगरी गायी, काटक. आप्पांना आडपडदा नव्हता.

"जर्सीचा पाडा व्हय? लई येत्यात. टेम्पो येतोय, रानाच्या कडंला सोडतोय, जातोय. सोडला की पाप न्हाय म्हणं. चार दिस रुळाकडंला हुभी ऱ्हात्यात. मग दिसत न्हाईत."

"का?"

"पंख्याखालची जात ती. पेंड खाल्लेली. ह्यो पाला खाऊन जगंल व्हय? एक ऱ्हायलाय माझ्याकडं. बघा."

वस्तीमागे करंजाखाली तो उभा होता. तांबूस, तोंड उघडं, जीभ बाहेर. कानामागे आणि शेपटीखाली गोचीड चिकटून बसलेली. दात बघितले: आदत. वय जुळत होतं. तीन दिवस शोधत होते तो खोंड माझ्यासमोर होता. मी फीत काढली, मोजलं, वीत वजा केली. गज्याच्या आसपासही नव्हता. बरगड्यांवरून फीत घसरत होती.

आक्का म्हणाली, "किती?"

मी खडू हातात घेतला आणि परत खिशात टाकला. हा आकडा भरतेशपुढे ठेवला असता तर गज्या तिथल्या तिथे जिंकला असता. पण ते माप जर्सीचं नव्हतं. ते उपासाचं होतं. माझ्या तराजूत मी कुणाला कमी दिलेलं नाही, जास्तही नाही. जर्सीला पोटभर खायला दिलं तर ती गज्यापेक्षा भराभर वाढते, हेही मला माहीत आहे. ती वाढ माझ्याच पोत्यांतून जाते. खोटं माप लावून जिंकायचं तर घरून निघायचीच गरज नव्हती.

"लिव की," आक्का म्हणाली.

"नाही लिहिणार."

ती मला बोलेल असं वाटलं. ती आप्पांकडे वळली. "कुठल्या गावचा हाय ह्यो?"

"आक्का, पाठीवर गाव लिवलेलं नसतंय."

परतीच्या वाटेवर ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. सूर्य झाडांच्या शेंड्यांना लागला, तशी मी टेम्पो कडेला घेतला. "जेवून घे. मावळेल."

"चालव."

"आक्का, दिवस जाईल."

"जाऊ दे." ती समोर बघत होती. "भरतेश मागल्या साली दोन पाडे खानापूरकडं दिलं म्हणालता. मी इचारलं बी न्हाय कुणाला. घरात मुंगी मेली तर मला चालत न्हाय."

मी टेम्पो परत रस्त्यावर घेतला. सांत्वन करायची मला सवय नाही. सूर्य मावळला. डबा तसाच बांधलेला राहिला.

परत दूधगंगेकाठी

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यात शिरलो. पंखे चालू, फवारे चालू, तरी जर्सी धापा टाकत होत्या. गज्या आपल्या कोपऱ्यात उसाचं वाडं चावत उभा होता, जणू उन्हाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. भरतेश हात पुसत आला.

"काय मावशी, कोण भारी निघालं?"

"खिलारापेक्षा गज्या भारी."

"आणि जर्सी?"

"पोटभर खाल्लेला जर्सीचा खोंड मिळाला नाही."

"म्हंजे?"

मी फाळका पाडून त्याला तिसरा रकाना दाखवला. "चिकोडीपासून लोंढ्यापर्यंत फिरले. गज्या उणा आहे असं तू म्हणालास. कुणापेक्षा उणा? ज्याच्याशी तुलना करायची तो खोंड गोठ्यात ठेवतोय कोण?"

"असं कुठं असतंय व्हय. म्हंजे तू काम केलंच न्हाईस."

त्याला उत्तर द्यायच्या आत आक्का गोठ्यातून मागच्या पडवीत गेली होती. तिकडून वासराचा बारीक आवाज आला. आम्ही गेलो. खताच्या पोत्यांमागे, आईपासून लांब, सुतळीने बांधलेला नुकताच जन्मलेला तांबूस पाडा. आम्ही फिरायला गेलो त्याच दिवसांत झालेला. नाळ अजून ओली.

"आई, त्याला आज न्यायला येणारेत," भरतेश म्हणाला. "चांगल्या ठिकाणी देणार हाय."

"कुणाला?" आक्काने विचारलं.

मी तीन दिवस हाच प्रश्न विचारत होते आणि तीन दिवस लोकांनी दार लोटून घेतलं होतं. स्वतःच्या आईपुढे भरतेशला लोटायला दार नव्हतं. तो म्हणाला, "मला न्हाय म्हायती."

आक्काने सुतळी सोडली, वासराला कवेत उचललं आणि धापा टाकणाऱ्या गायींमधून चालत जाऊन त्याच्या आईच्या सडाला लावलं. पोटभर प्यायल्यावर गज्याच्या शेजारच्या खुंट्याला बांधलं. गज्याने मान खाली करून त्याला हुंगलं.

"आई, दोन वर्षं ह्याला कशाला पोसायचं? काय कामाचा हाय त्यो?"

"तूच म्हणालास मोजा म्हणून," आक्का म्हणाली. "मोजायला दोन लागत्यात रं. ह्यो दोन वर्षांचा हुईल तवा गज्याच्या आत्ताच्या आकड्याशी ताडून ठरव. तवर गज्या बी हितंच आणि ह्यो बी हितंच. दोघांस्नी एकच वाडं आणि एकच कडबा. पंखा बी न्हाय आणि मावशीची पेंड बी न्हाय."

"आणि मग ह्योच भारी निघाला तर?"

"तर सुलू तसं लिवंल. ती खोटं लिवत न्हाय. मला म्हायती हाय."

भरतेशने माझ्याकडे बघितलं. मी खिशातून फीत काढत होते. "डोकं धर त्याचं," मी म्हटलं. "लहान आहे, हलतोय."

त्याने गुडघ्यावर बसून वासराचं डोकं दोन्ही हातांत धरलं. चघळलेल्या टोकाला चिकोडीचं हळदीकुंकू अजून लागलेलं होतं. छाती एवढीशी की फीत बरीचशी माझ्याच हातात उरली. मी वाचलं, वीत वजा केली, टेम्पोकडे गेले आणि तिसऱ्या रकान्यात खडूने पहिला आकडा लिहिला. खडू पोत्यांना लागून पुसतो, म्हणून त्यावरून तेलरंगाने गिरवायला सांगितलंय. पोती चढवताना तो फाळका आता दुकानाच्या दारात रोज सगळ्यांना दिसतो. तात्यांनाही दिसला. त्यांनी वाचला आणि या वेळी मराठीचं काही बोलले नाहीत.